वळणात आलेली विहीर

माझ्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ जाते. तिथं केस उगवत नाहीत. कंपनीत कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, खेळण्यातल्या रेल्वेवरून भावानं फोडलं. समोरचा हसतो. त्याला वाटतं, मी काहीतरी लपवतोय. मी काही लपवत नाही. त्या दुपारी माझ्या हाताला आणखी जड काही लागलं असतं तर भाऊ उरला नसता, हेसुद्धा मी सांगायला तयार आहे. पण एवढं खोलात कुणी जात नाही.

आमचं रान राहुरीच्या पुढं, रेल्वेच्या रुळांना लागून आहे. मी नगरच्या एमआयडीसीत टूलरूमला कामाला, मोटारसायकलनं जाऊन-येऊन. वडील गेल्यावर रानाचे दोन तुकडे झाले, रुळांच्या जवळचा बांध मधे धरून एक दादाचा आणि एक माझा. वाटणीत भांडण झालं नाही. आमच्या भागात हे सांगितलं तर लोक कौतुकानं पाहतात, कारण इथं सख्खा भाऊ दर नांगरटीला फाळभर बांध कोरतो आणि वर सकाळी राम राम घालतो.

वाटणी झाली त्याच साली दादानं आपल्या तुकड्यात, बांधाला अगदी खेटून, विहीर खोदली. मी तेव्हा आयटीआयला होतो. सुरुंग लावायला माणसं होती, पण खाली उतरून दगड भरायला दादा स्वतः उतरायचा. एकदा वर चढणाऱ्या बादलीतला दगड सुटला आणि त्याच्या खांद्यावर बसला. तो खांदा अजून तिरका आहे. पाणी लागलं त्या दिवशी तो चिखलानं माखलेला वर आला आणि मला म्हणाला, "अर्धं पानी तुजं." तेवढंच. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यानंतर माझ्या उसाला पाणी त्या विहिरीतूनच आलं, आणि बहुतेक वेळा सऱ्यांत पाणी वळवायला, दारं धरायलाही दादाच उभा राहिला, कारण मी कंपनीत असायचो.

आता आमच्या घराची रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्यात कुणी कुणाला बसवून समजावल्याचं मला आठवत नाही. वडील आधी आसूड काढायचे आणि मग काय झालं ते विचारायचे. शाळेतून मार खाऊन आलो की दादा आधी मला मारायचा, मार खाल्लास कसा म्हणून, आणि मग ज्यानं मारलं त्याला शोधायला जायचा. मोठेपणीही फरक पडला नाही. मळणीच्या दिवसांत एकदा त्यानं मला भरल्या पोत्यावरून खाली फेकलं होतं, मी त्याच्या दंडाला चावलो होतो, आणि जेवायला आम्ही एकाच भाकरीचे दोन तुकडे केले होते. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. आमच्याकडं जरा जोरात लागायचं.

तर रेल्वे. मला लहानपणापासून तिचं वेड. रूळ समोर, गाड्या रोजच्या, तरी वेड. पोरं शिकायला पुण्याला गेली तशी गच्चीवरची खोली रिकामी झाली आणि मी ठरवलं, आपल्या समोरून जाणारी लाइन आपल्या खोलीत आणायची. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान. इंजिन आणि डबे मागवले, रूळ मागवले, बाकी सगळं हातानं करायचं. बायको म्हणाली, "अहो, रुळाकडेला घर आहे, खिडकी उघडून बघा की फुकटात." मी खिडकी बंद केली आणि कामाला लागलो.

ज्याला वाटतं हे पोरखेळ आहे त्यानं एकदा आराखडा काढून बघावा. या मापात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर होतात. माझी खोली एका मोठ्या बैलगाडीएवढी. म्हणजे खरं शिवार जसंच्या तसं बसवायचं तर समोरच्याच्या घरात भिंत फोडून जावं लागलं असतं. मग आखडायचं. काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवताना मी कागदांवर कागद फाडले. फळी फार रुंद करून चालत नाही, मागच्या कोपऱ्यात गाडी घसरली तर हात पोचला पाहिजे. रुळांचा सांधा वळणात घालायचा नाही, डबा तिथंच आडवा पडतो. आणि सगळ्यांत मोठी अडचण वळणाची. खरे रूळ आमच्या रानापाशी सरळ जातात, पण खोलीला कोपरे असतात. गाडी गोल फिरायची तर कोपऱ्यात रूळ वळवावेच लागतात, आणि लांब डब्याला घट्ट वळण चालत नाही. घट्ट वळणावर डबा रूळ सोडतो, कितीही लाडीगोडी लावा.

आमचं रान नेमकं त्या कोपऱ्यात आलं. मी खुणा केल्या, दोरीनं वळण आखलं, आणि रूळ थेट दादाच्या विहिरीवरून गेले. मी फळी इकडं सरकवली, तिकडं सरकवली. रागानं एक पट्टी मोडली. रूळ हलणार नव्हते. मग मी विहीर हलवली. बांधाच्या अलीकडं, माझ्या तुकड्यात, वीतभर जागा रिकामी होती. तिथं प्लायवुडला भोक पाडलं, पाइपचा तुकडा बसवला, आतून बारीक खडे चिकटवले आणि तळाला पांढरा गोंद ओतला. तो वाळला की काचेसारखा पाण्याचा भास होतो. काम इतकं झकास झालं की मी स्वतःवर खूश झालो. ती कुणाच्या बाजूला आली हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी वळण बघत होतो.

पुढं हात सुटला. माती रानातलीच आणली आणि बायकोच्या मैद्याच्या चाळणीनं चाळली, त्यावरून दोन दिवस जेवणात मीठ नव्हतं. सुतळी पिंजून हिरव्या रंगात बुडवली आणि तिचा ऊस उभा केला. बांध जाळीवर प्लास्टर थापून केला आणि त्यावर लाकडाच्या भुशाचं गवत पसरलं. स्टेशन केलं, हौसेनं एक बोगदा केला. दादाचा गोठा केला, म्हशी केल्या.

गावात बातमी गेली. लोक बघायला यायला लागले आणि मला एक गोष्ट कळली. आमच्याकडं माणूस रेल्वे बघायला आला तरी रेल्वे बघत नाही. तो आधी आपलं रान शोधतो. गाडी झोकात फिरत असायची आणि पाहुणा फळीवर वाकून विचारायचा, "आमचं चिंचंचं झाड का न्हाई?" एका म्हाताऱ्यानं तर आपला ओढा अरुंद दाखवला म्हणून चहा घेतला नाही. जमिनीचं चित्र म्हणजे मोजणीचा नकाशा, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक. मी हसून घ्यायचो. दादाला मात्र मी मुद्दाम थांबवलं होतं. सगळं पुरं झाल्यावर त्याला दाखवायचं होतं.

तो एका रविवारी दुपारी आला, वहिनीला घेऊन. धुतलेलं धोतर घालून आला होता. मी गाडी सोडली. ती बोगद्यातून निघाली, स्टेशनातून गेली, उसाच्या कडेनं वळली, आणि दादा लहान पोरासारखा हसला. "आरं तिच्या मायला," म्हणाला. "माजी म्हस हाय ही! शिंग मोडल्यालं बी केलंय बघ." वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मला फार बरं वाटलं. जगात कुणी शाबास म्हणावं असं वाटायचं तर ते त्यानंच.

मग त्याचं बोट गोठ्यावरून पायवाटेनं विहिरीकडं निघालं. जिथं असायला हवी तिथं रूळ होते. बोट थांबलं. बांध ओलांडून माझ्या बाजूला आलं आणि भोकावर टेकलं.

"हीर हिकडं कशी?"

"वळण बसंना, दादा. गाडीला एवढी जागा लागतीच."

"माजी हीर तुज्या रानात कशी म्हनतो मी."

"आरं, खेळणं हाय ते."

"समद्या गावानं बगितलं?"

"बघितलं की."

"आन कुनी काय बोललं न्हाई," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. त्याचा आवाज खाली गेला की वडील आठवतात. "म्हंजी समद्यांना म्हाईत हाय, ह्याच्या मनात काय हाय ते. फकस्त मलाच न्हाई."

इथं मी गप्प बसायला हवं होतं म्हणतात. मी का गप्प बसू? महिन्यामहिन्यांची मेहनत, आणि हा मला चोर ठरवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "तुजी हीर घालायला जागाच न्हाई माझ्या रेल्वेत. काढून टाकू का सगळीच?"

दादानं मूठ उचलली आणि बांधावर आपटली. प्लास्टर फुटलं, जाळी वाकली, ऊस उडाला. त्यानं पाइपचा तुकडा बोटं घालून उपटला. त्याच वेळी गाडी वळणात आली, त्याच्या मनगटावर आदळली आणि इंजिन फरशीवर पडलं. त्याचा आवाज मी अजून ऐकतो. मी उरलेल्या फळीचा तुकडा उचलला आणि त्याच्या डोक्यावर घालायला गेलो. त्यानं हात आडवा घातला. बोटावर बसलं. करंगळी मागच्या मागं वळलेली मी पाहिली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

त्यानं तीच फळी माझ्या हातातून हिसकावली आणि माझ्या तोंडावर मारली. डोळ्यात ऊन ऊन काहीतरी आलं. मी त्याच्या गळ्याला धरलं, त्यानं माझे केस धरले, आणि आम्ही दोघं रेल्वेवर पडलो. स्टेशन गेलं. बोगदा गेला. प्लास्टरच्या धुळीत रक्त पडून फरशीवर गुलाबी चिखल झाला. वहिनी दादाला मागून ओढत होती आणि त्याच्या कोपरानं तिचाच ओठ फुटला. बायको ओरडत होती, "आवरा, आवरा, माणसं हाईत का जनावरं!" मी खाली होतो. दादाचा गुडघा माझ्या छातीवर होता आणि त्याच्या तोंडातून थुंकी माझ्या तोंडावर पडत होती. "मी उतरलो हुतो आत," तो म्हणत होता. "मी! तू न्हाई!"

मग रक्त फार जायला लागलं तसा तोच उठला. माझ्या डोक्याला त्यानं स्वतःचं उपरणं गच्च बांधलं, शिव्या देत. मोटारसायकल त्यानं चालवली, मोडक्या करंगळीनं, आणि मी मागं बसून त्याच्या तिरक्या खांद्यावर डोकं टेकलं. राहुरीला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? दादा म्हणाला, "घसरलो." मी म्हणालो, "दोघंबी." डॉक्टरांनी आधी मला शिवलं, मग त्याचं बोट ओढलं. तो ओरडला तेव्हा मी त्याचा दुसरा हात धरला होता.

मला वाटलं, मिटलं. आमच्यात एवढ्यावर मिटतं.

मिटलं नाही, कारण दादानं दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज दिला. गावात कुणीतरी तेल ओतलं असणार, तेल ओतणाऱ्यांना आमच्याकडं तोटा नाही. हद्दीचा सरकारी दगड पडूदे, म्हणजे विहीर कुणाची ते सगळ्यांसमोर एकदाचं होऊन जाईल, असं तो पारावर म्हणाला. माझ्याशी बोलणं बंद. माझ्या पाण्याच्या पाळीला त्यानं मोटर सुरू केली नाही. मी जाऊन खटका दाबला. तो पाटाच्या पलीकडून फावडं घेऊन आला. फावडं त्यानं टाकून दिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे, पण माझी मान धरून मला पाटाच्या पाण्यात दाबलं. नाकातोंडात चिखल गेला. मी त्याच्या पोटरीला लाथ घातली, तो पडला, मग मी त्याच्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी त्याच्या कानफटात मारत राहिलो. शेवटी दोघंही दमून बांधावर बसलो. पाणी माझ्या उसात चाललं होतं. त्यानं ते बंद केलं नाही. मोडक्या सरीकडं बोट करून म्हणाला, "फुटलीय तिकडं, बांध." मी सरी बांधली.

म्हणून मला आशा होती. माणूस मारतोय तोवर बोलतोय, असं मी धरून चाललो होतो.

वर खोलीत मी नवा आराखडा काढायला घेतला. आता एकच गोष्ट ठरवली होती, विहीर तिच्या जागी राहणार, रेल्वेचं काय व्हायचं ते होवो. वळण आणखी घट्ट करून पाहिलं. डबे दर वेळी उसात आडवे. उंची देऊन पाहिलं, रूळ विहिरीवरून पुलानं न्यावेत म्हणून, पण आमच्या रानात पूल हा शुद्ध मूर्खपणा दिसत होता. शेवटी कळलं की गोल फिरणारी गाडीच सोडली पाहिजे. एका टोकाला निघायचं, दुसऱ्या टोकाला थांबायचं, इंजिन काढून मागं लावायचं आणि परत यायचं. खऱ्या लाइनीवरसुद्धा गाडी काही घराभोवती गोल फिरत नाही. मी हातोडा घेतला आणि ते वळण मुळापासून उखडलं. रूळ सरळ टाकले. बांध नवा केला. विहीर बांधाच्या पलीकडं, दादाच्या तुकड्यात, खेटून. आत खडे पुन्हा एकेक करून चिकटवले. मोजणी झाली की त्याला हाताला धरून वर आणायचं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हाताला धरून आणा. मानेला नको."

मोजणीवाला सकाळी आला. तीन पायांवर यंत्र उभं केलं, नकाशा उघडला. अर्धं गाव बांधावर होतं. दादा धुतलेल्या कपड्यांत, हाताची घडी घालून, करंगळी अजून वाकडी. मी निर्धास्त होतो. विहीर दादाची, हे मला सरकारपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मोजणीवाल्याचा माणूस चुन्याची फक्की टाकत रुळांकडून निघाला. पांढरी रेघ बांधावरून आली, मग बांध सोडून दादाच्या उसात शिरली. लोक कुजबुजायला लागले. वाटणी आमच्या वेळी काठीनं आणि अंदाजानं झाली होती, वडिलांच्या एका मित्रानं बांध दाखवला तो आम्ही धरला होता. रेघ पुढं आली, विहिरीच्या पलीकडून गेली आणि वर निघून गेली. अख्खी विहीर माझ्या बाजूला राहिली.

मग मागून एकजण म्हणाला, "गड्यानं आदीच मोजून ठिवलं हुतं की, माडीवर."

मी ओरडलो. वळण होतं म्हणालो, डब्याला जागा लागते म्हणालो, लांब डबा घट्ट वळणावर बसत नाही म्हणालो. मलाच माझं बोलणं वेड्यासारखं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "दादा, वर चल. मी काढलं ते. तुजी हीर तुज्याकडं हाय, बघ तरी." मोजणीवाल्याला म्हणालो, कुठं सही करू ते सांगा, विहीर याचीच. तो म्हणाला, ते माझ्याकडं नसतं. दादा माझ्याकडं बघतच नव्हता. तो विहिरीच्या काठावर गेला आणि मोटरचा दोर ओढायला लागला. दोन माणसं मदतीला धावली. मोटर वर आली, पाणी गळत. त्यानं तारा सोडल्या, पाइप सोडला आणि मोटर एकट्यानं खांद्यावर घेतली, त्या तिरक्या खांद्यावर.

मी त्याच्या वाटेत उभा राहिलो. "ठेव ती खाली," म्हणालो. तो थांबला. मी त्याला ढकललं. तो एक पाऊल मागं गेला आणि पुन्हा उभा राहिला. "मार ना," मी म्हणालो. "मार मला, तुज्या आयला." सगळ्या गावासमोर मी त्याच्यावर हात उगारला आणि गालावर चपराक मारली. आवाज झाला. वहिनी ओरडली. त्याचा एक हात मोकळा होता. मी त्या हाताकडं बघत होतो, तो वर येण्याची वाट बघत होतो, आणि आयुष्यात मी कशाची एवढी वाट बघितली नाही.

तो हात त्यानं मोटरला लावला, ओझं नीट केलं. बाजारात गर्दीत कुणी आडवं यावं तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"सरका," म्हणाला. "वझं हाय खांद्यावर."

मी बाजूला झालो.